गाण्यात उभी राहिलेली आक्काबाई

तर आक्काबाईच्या डोक्यावर गवताचा भारा तसाच, आणि जीपमधला पाहुणा म्हणतोय, आजी, एकच फोटो. काल बोलत बोलत इथवर आलो होतो आणि मधेच उठावं लागलं. आता पुढचं ऐका.

भारा ओला होता. ओल्या गवताचं वजन ज्यानं डोक्यावर घेतलंय त्यालाच ठाऊक. ते नुसतं डोक्यावर बसत नाही, मानेतून उतरत उतरत कमरेशी येऊन मुक्काम करतं. आक्काबाईला वाटलं, पाहुणा फार्महाऊसचा रस्ता विचारतोय. कोळवणच्या खोऱ्यात दर शनिवारी अशा जीपा येतात आणि दर दुसरी जीप वाट चुकलेली असते. तिनं सवयीनं हात करून ओढ्याकडची वाट दाखवली. पाहुणा म्हणाला, रस्ता नको, आम्हाला तुम्हीच हव्यात. गाडीत त्याची बायको बसली होती आणि तिच्या मोबाईलवर गाणं लागलं होतं. कुठलं ते सांगायला नको.

हार हातात, फुलं उन्हात,
उभी तू माझ्या सुरात गं

त्या गाण्यातल्या आजी त्या तुम्हीच ना, असं पाहुण्यानं विचारलं. आक्काबाई म्हणाली, व्हय. मग त्यानं तिला भाऱ्यासकट आंब्याखाली नेलं, दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, आता तशाच उभ्या राहा, गाण्यातल्यासारख्या.

"उभीच हाय की बाबा सकाळपास्नं," आक्काबाई म्हणाली.

नवराबायको दोघंही खूप हसली. आजी काय हजरजबाबी आहेत, असं इंग्रजी मिसळून एकमेकांना सांगत गाडी पुढं गेली. आक्काबाई काही विनोद करत नव्हती. पहाटे म्हशीची धार काढल्यापासून ती खरंच खाली बसली नव्हती.

आता हे गाणं तुम्ही ऐकलेलं आहे, मी ऐकलेलं आहे, आपल्या मुळशीत ज्याचं लग्न लागलंय त्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे. पौडच्या लॉनवर डीजेवाला वरातीत ते एवढ्या मोठ्यानं लावतो की समोरच्या दुकानाची शटरं थरथरतात. बँडवाले वाजवतात. हिंजवडीला आयटीतल्या पोरापोरींच्या कंपनीचा वार्षिक कार्यक्रम असतो, तिथं एका मुलीनं त्यावर नाच केला आणि तिला बक्षीस मिळालं. आक्काबाईचा मुलगा रवी तिकडंच कंपनीची कॅब चालवतो. मागच्या सीटवरचा साहेब हे गाणं गुणगुणायला लागला की रवी आरशात बघतो, पण हे माझ्या आईवर आहे असं सांगत नाही. एकदा सांगितलं होतं. साहेबानं गुणगुणणं थांबवलं, काच खाली केली आणि उतरेपर्यंत बाहेरच बघत बसला.

गाणं केलं गेणबानं. गेणबा म्हणजे आक्काबाईचा नवरा, नवजीवन गायन पार्टीचा पेटीवाला. पार्टीचा मुख्य गायक दयानंद, त्याचा गळा असा की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचीही मान उठायची. पण शब्द जुळवायचे ते गेणबानं. बुद्धजयंती असो, चौदा एप्रिल असो, कुणाचं लग्न असो, पार्टी टेम्पोत बसून निघायची, आणि आधी बाबासाहेबांची गाणी झाली की लोक ओरडायचे, आता हार हातात. ते झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

दयानंद चार वर्षांपूर्वी गेला. पार्टी मोडली. मग गेणबाला दम लागायला लागला. दोन जिने चढल्यासारखा श्वास त्याला खाटेवरून उठल्यावरच लागायचा. डॉक्टर म्हणाले, गाणं बंद. गेणबा घरी आला, पेटीला जुनं धोतर गुंडाळलं आणि ती माळ्यावर सरकवली. आक्काबाई म्हणाली, गळ्याला मनाई केलीय, पेटीला कुठं केलीय. तो म्हणाला, गळा नसेल तर पेटी कशाला. दोन वर्षं झाली त्याला. तेव्हापासून तो दारातल्या खुर्चीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाण्याची गोष्ट सांगतो. श्वास तुटतो म्हणून तुकड्या तुकड्यानं सांगतो, पण एक तुकडा गाळत नाही.

आणि ती गोष्ट अशी. लग्नाच्या दिवशी नवरदेवच पेटीवर बसला होता. नवरी हार घेऊन उन्हात उभी होती. गाणं रंगलं होतं, लोक सोडत नव्हते. नवरदेवानं मान वर करून पाहिलं, नवरी उभी. पुन्हा पाहिलं, उभी. तासभर ती पोर हलली नाही, बसली नाही, तोंडातून शब्द काढला नाही. ते पाहता पाहता त्याच्या बोटांतून ही चाल आली.

सूर सरंना, पाय हलंना,
पट्टी बोटाला सोडंना गं
उभी तू तितं, बसलो मी हितं,
अंतर तेवढं तुटंना गं

गोष्ट ऐकून लोकांचे डोळे भरतात. बाया आक्काबाईकडं बघून मान हलवतात. आक्काबाई चहा ठेवायला आत जाते.

तर झालं असं की आक्काबाईची नात पायल, रवीची मुलगी, हिंजवडीत कंपनीत आहे. तिच्याबरोबर निषाद नावाचा मुलगा काम करतो. त्याला गाण्यांचा नाद. जुनी गाणी ज्यांनी केली त्यांना शोधायचं, त्यांच्या तोंडून गोष्ट रेकॉर्ड करायची आणि लोकांसाठी टाकायची, असं तो सुट्टीच्या दिवशी करतो. त्याला पायलनं सांगितलं, ते गाणं माझ्या आजोबांचं आहे. त्यानं दुसऱ्याच दिवशी फोन केला. रविवारी सकाळी येतो, आबांची गोष्ट घेऊ, आणि आजींनी कॅमेऱ्यासमोर बसून फक्त दोन वाक्यं बोलायची, की त्या दिवशी मी उभी होते आणि मला असं असं वाटत होतं.

गेणबानं त्या दिवसापासून दाढी वाढू दिली नाही.

आक्काबाईचा मात्र घास उतरेना. कारण आजवर तिनं ते वाक्य तोंडानं कधी म्हटलेलं नव्हतं. लोक म्हणायचे, ती ऐकून घ्यायची. गाण्यातल्या तुम्हीच का, असं विचारलं तर व्हय म्हणायची, कारण गाण्यातली तीच होती. पण त्या दिवशी उन्हात उभी होते, असं तिनं पन्नास वर्षांत एकदाही म्हटलं नाही. कसं म्हणणार? ती उभी नव्हती.

ऐका, खरं काय झालं ते.

आक्काबाईचं माहेर ताम्हिणीच्या अलीकडची एक वाडी. लग्न मे महिन्यातलं. लग्नाच्या चार दिवस आधी तिच्या आईला ताप भरला, असा की उठवून बसवलं तरी कलंडायची. घरात बाई माणूस म्हणजे आक्काबाई आणि तिची चुलतबहीण साळू. पाहुणे तर तीन दिवस आधीपासूनच यायला लागलेले. नवरीनं हळद लावून बसायचं, ते राहिलं बाजूला, ती चुलीपुढं नाचणीच्या भाकरी थापत बसली. तीन रात्री तिनं पाठ टेकली नाही. लग्नाच्या सकाळी तिला हाताला धरून न्हाऊ घातलं तेव्हा ती उभ्या उभ्या डुलत होती.

बापानं पौडच्या बाजारातून पांढऱ्या लुगड्याचं एकच ठाण आणलं होतं. आपल्यात नवरी पांढऱ्यात असते, ते आलंच. पण म्हातारा म्हणाला, लेकी सगळ्या सारख्या, एक नटली आणि दुसरी जुनेऱ्यात राहिली असं माझ्या दारात व्हायचं नाही. म्हणून त्याच ठाणातलं आक्काबाईला, त्याच ठाणातलं साळूला. ऊन एवढं की दोघींचे पदर कपाळाच्या खाली ओढलेले. उंची सारखी, चण सारखी.

लग्न लावणारे बौद्धाचार्य पौडवरून एसटीनं निघाले होते. एसटी वाटेतच बंद पडली. मांडवात माणसं चुळबुळ करायला लागली. तेव्हा दयानंदनं ढोलकी काढली आणि पेटीवाला शोधायला लागला. पेटीवाला डोक्याला फेटा बांधून नवरदेव होऊन बसलेला. एकच गाणं रे, असं म्हणून त्याला ओढत नेलं. एकाचं दोन झालं, दोनाचं चार. बौद्धाचार्य आले, घाम पुसला, पाणी प्याले. चला म्हणाले. नवरीला चाफ्याचा हार देऊन तसबिरींच्या पुढं उभं केलं. पण गाण्याला भरती आलेली, लोक म्हणतात हे कडवं होऊ दे, ते होऊ दे. मांडवाचं कापड तेवढ्या जागी फाटलेलं, ऊन नेमकं नवरीच्या माथ्यावर.

आक्काबाई उभी राहिली ती किती, तर चहाला आधण येईल एवढा वेळ. मग तिचे गुडघे वाकायला लागले. साळू शेजारीच होती. तिनं हळूच हार आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, जा, जरा टेक, पेटी थांबली की हाक मारते. आक्काबाई मांडवाच्या मागं गेली. तिथं तांदळाची पोती रचली होती. ती एका पोत्यावर बसली, दुसऱ्याला डोकं टेकलं, आणि संपलं.

तिकडं गेणबा मान वर करून बघतोय, नवरी उभी.

पेटी थांबली तशी साळूनं मागं धाव घेतली, हार तिच्या हातात दिला, पदर सारखा केला. नवरदेव येईपर्यंत नवरी जागच्या जागी. त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले गेले. कुणाला पत्ता नाही. दोघींना ठाऊक, आणि तांदळाच्या पोत्यांना.

मग सांगितलं का नाही, असं तुम्ही विचाराल. आठ दिवसांनी गेणबानं घरी पेटी काढली आणि तिला समोर बसवून ते गाणं म्हटलं. ती सांगणारच होती. पण पेटी थांबल्यावर तिनं मान वर केली, तर तो तिच्याकडंच बघत होता, आणि त्या चेहऱ्याकडं बघून तिला वाटलं, आज नको, उद्या सांगू. उद्याच्या उद्या पार्टीला सुपारी आली. महिन्याभरात ते गाणं चार गावांत गेलं. पावसाळ्यानंतर बाजारात बाया तिला बोटानं दाखवायला लागल्या. वर्षानं तर नव्या नवरीमुलींना पाया पडायला तिच्याकडं पाठवायला लागले, की बघ, नवऱ्यासाठी उभं राहावं तर असं. आता सांगायचं तरी कुणाला, आणि कुठल्या तोंडानं?

आणि एकदा माणसाचं नाव पडलं की सुटत नाही बघा. रेशनच्या रांगेत कुणी म्हणायचं, आक्काबाई मागं उभ्या राहतील, त्यांना सवय आहे. एसटीत जागा झाली की कंडक्टर हसून दुसऱ्या बाईला द्यायचा, म्हणायचा, ह्यांचं गाणंच उभ्याचं आहे. बाळंतपणात सासूनं तिला तिसऱ्या दिवशी उठवलं. पोरं झाली, सुना आल्या, आणि घरात कुणी आक्काबाईला बस म्हणायचं नाही. म्हणजे वाईट मनानं नव्हे. त्यांच्या ध्यानातच यायचं नाही. जी बाई गाण्यात पन्नास वर्षं उभी आहे तिचे पाय दुखतात, हे कुणाला कसं सुचावं? अलीकडं तर तिचे डोळे खोल गेले होते, बोलता बोलता ती मधेच गप्प व्हायची. सून म्हणायची, वय झालं.

शनिवारी, त्या जीपवाल्याचा फोटो झाल्यावर, तिनं भारा गोठ्यात टाकला आणि तशीच साळूबाईकडं गेली. साळूबाई शेजारच्याच वाडीत दिलेली. उंबऱ्यात पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत बसली होती. हिला बघून तिनं तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"आली का गाण्यातली बाई."

आक्काबाईनं टेकता टेकता सांगितलं, की उद्या तो पोरगा येतोय, कॅमेरा आणतोय, आणि माझ्या तोंडून वदवून घेणार आहे.

"मग वद की. उभी व्हते म्हण, सुटलीस."

"मी कुटं उभी व्हते, साळे?"

"तू न्हवतीस, पर मी तर व्हते. पाय आपल्याच घरातले व्हते. हे बघ, अजून दुखत्यात. गाणं माझं, मिरवतीस तू, आन तेल मातुर मी चोळतीया."

आक्काबाईला हसू आलं, पण ते ओठापर्यंत येऊन तिथंच बसलं. साळूबाईनं ते पाहिलं आणि तिचीही थट्टा उतरली. मग ती समजावायला लागली. म्हणाली, त्या म्हाताऱ्याजवळ आता राहिलंय काय? गळा गेला, दयानंद गेला, पार्टी गेली. एक तू आहेस आणि एक ती उभी राहिलेली आहे. त्याला दोघी एकच वाटतात, तर वाटू दे. उद्या एक वाक्य बोललीस तर तुझ्या जिभेला फोड येणार आहे का?

आक्काबाईनं पायाशी आलेल्या कोंबडीला हुसकलं.

"मला कटाळा आलाय गं," ती म्हणाली. "पन्नास वरसं झाली, तुझ्या जागंवर मी उभी हाय."

साळूबाईनं तेलाचे हात पदराला पुसले. उठली, भिंतीला धरत धरत आत गेली आणि चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर तिनं एवढंच म्हटलं, की तुला जे जड वाटत नाही ते कर, माझं नाव घेतलंस तरी मी काही रागावणार नाही, उलट गावात थोडी मान वर करून फिरेन.

रविवार उजाडला. गेणबानं पांढरा सदरा घातला, तो लग्नकार्यातला. बटण लावताना त्याला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. आक्काबाई पुढं झाली आणि वरची दोन बटणं तिनं लावली. इतक्या जवळ आलोच आहोत तर आत्ताच सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. बाहेरच्या माणसासमोर ऐकण्यापेक्षा घरात ऐकलेलं बरं.

"आवं, त्या लग्नाच्या दिशीचं एक सांगायचं व्हतं."

गेणबाला वाटलं, ही कॅमेऱ्याला घाबरली. तो म्हणाला, तू काही सांगू नकोस, तो विचारेल, तू नुसतं व्हय म्हण, बाकीचं मी बघतो. पार्टीत नवीन पोरं यायची तेव्हा मी त्यांना हेच सांगायचो, घाबरायचं नाही, समोर कोण बसलंय ते बघायचंच नाही. मग तो खाटेवर टेकला. छातीवर हात ठेवून त्यानं दम खाल्ला, आणि एरवी गोष्ट सांगतो त्या आवाजात नव्हे, वेगळ्याच आवाजात बोलला.

"मी काय गळ्यानं मोठा न्हवतो. लोक दयानंदला वळखायचे. माझं नाव कुणाला ठावं हाय, आक्के? पर लोक म्हणत्यात, गेणबाच्या गाण्यातली बाई खरी हाय. तेवढंच एक माझं खरं हाय बघ."

आक्काबाईनं त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली, जी नीटच होती, आणि ती म्हशीला पाणी दाखवायला गेली. म्हैस पाणी प्याली. आक्काबाई तिथंच तिच्या पाठीला टेकून उभी राहिली. खरं बोलावं तर म्हाताऱ्याच्या हातात काही उरत नाही. खोटं बोलावं तर ते आता गावापुरतं राहत नाही, ते कायमचं कुठंतरी चढून बसणार, आणि ती मेल्यावरही तिथं उभीच राहणार.

निषाद दहाला आला. बारीक, चष्मेवाला, नम्र मुलगा. आल्या आल्या दोघांच्या पाया पडला. त्यानं हिंजवडीवरून निशिगंधाचा मोठा हार आणला होता. तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा लावला आणि आधी गेणबाला बसवलं. गेणबानं गोष्ट सांगितली. तुकड्या तुकड्यानं सांगितली, पण काय सांगितली. पायल मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. निषादनं एकदाही मधे तोंड घातलं नाही.

मग आक्काबाईची पाळी. निषाद म्हणाला, आधी एक शॉट घेऊ, आजी हार घेऊन अंगणात उन्हात उभ्या आहेत. पायल म्हणाली, अरे ऊन बघ किती आहे. गेणबा म्हणाला, तिला सवय आहे.

आक्काबाई उभी राहिली. ढग आला, म्हणून पुन्हा. खालच्या रस्त्यानं एसटी भोंगा वाजवत गेली, म्हणून पुन्हा. एक कोंबडी मधे आली. मग पदर उडाला. प्रत्येक वेळी निषाद अगदी अदबीनं म्हणायचा, सॉरी आजी, अजून एकदाच. पाचव्या वेळी त्यानं तसं म्हटलं तेव्हा आक्काबाईनं हाराकडं पाहिलं, अंगणात रवीची कॅब उभी होती तिच्या आरशाला तो हार अडकवला, आणि ओट्याच्या पायरीवर बसली. बसताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कॅमेऱ्यात आलाय म्हणतात.

निषाद म्हणाला, चालेल, बसूनच बोला. त्यानं कॅमेरा तिच्याकडं वळवला आणि विचारलं, की आजी, एवढा वेळ उन्हात उभं राहताना तुमच्या मनात काय चाललं होतं?

गेणबा खुर्चीतून पुढं वाकला होता. त्याचे ओठ हलत होते. व्हय म्हण, असंच म्हणत असणार.

आक्काबाईनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग निषादकडं, आणि सांगायला लागली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. आईच्या तापापासून सुरुवात केली. भाकरी सांगितल्या. एका ठाणातली दोन लुगडी सांगितली. साळूनं हार घेतला ते सांगितलं, तांदळाची पोती सांगितली. उभी मी नव्हते, साळू होती, मी मागं झोपले होते, असं एकदा सरळ सांगून ती थांबली.

निषादला कळेना की हसावं की काय करावं. पायलनं त्याला कॅमेरा बंद कर अशी खूण केली. गेणबानं हात वर करून तिला थांबवलं. त्याचा श्वास वाजत होता, तो बसेपर्यंत सगळे थांबले.

"म्हंजे मला दिसली ती साळू," तो म्हणाला.

आक्काबाईनं मान हलवली.

गेणबानं आपल्या हातांकडं पाहिलं. ते हात त्यानं मांडीवर पालथे ठेवले होते, दोन वर्षं तसेच असतात. रागावला असता तरी चाललं असतं असं पायलला वाटलं. तो रागावला नाही. अगदी थकलेल्या आवाजात, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल चौकशी करतोय, त्यानं बायकोला विचारलं.

"मग पन्नास वरसं ते गाणं ऐकलंस, ते तुला कदी आपलं वाटलंच न्हाई व्हय?"

आक्काबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि उत्तर दिलं. ते मी जसंच्या तसं सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडं न करता.

"सबंद ऐकलंय कुटं मी ते? त्या दिशी तीन रातीची जागी व्हते, आन तुमची पेटी वाजत व्हती तवा डोळा लागला. तवापास्नं तसंच हाय, पेटी वाजली का मला झोप येती, दुसऱ्या कडव्याच्या फुडं मी कदी गेलेच न्हाई. दोन वरसं झाली तुमी ती गुंडाळून ठिवली, आन माझा डोळ्याला डोळा लागंना. गळा ऱ्हाऊ द्या, गाऊ नगासा, नुसती पेटी घ्या. मला जरा पडायचंय."